पाणी कुठे तापतं?

थिओडोर लेव्हिट या हार्वर्डच्या प्राध्यापकाचा १९८३ सालचा एक लेख व्यवस्थापन शिकणाऱ्यांना अजून वाचायला लावतात. जग आता एकच बाजारपेठ होत चाललं आहे, देशोदेशीच्या आवडीनिवडींचे लाड पुरवत बसू नका, एकच चांगली वस्तू स्वस्तात बनवा आणि सगळीकडे विका, असं त्याचं सांगणं. लेख गाजला. मला मात्र त्यातला एक तक्ता लेखाहून जास्त आवडतो.

हूवर कंपनीचा वेल्समधल्या मर्थर टिडफिल गावचा वॉशिंग मशीनचा कारखाना पुऱ्या ताकदीनं चालत नव्हता. माल युरोपात खपवायचा तर गिऱ्हाइकाला विचारायला हवं, म्हणून कंपनीनं पाच देशांत चौकशी केली. ब्रिटिशांना डोळ्यांत न भरणारं मशीन हवं होतं. इटालियनांना भडक रंगाचं, फ्रेंचांना देखणं, स्वीडिश लोकांना दणकट, आणि जर्मनांना कधी मोडणारच नाही असं दिसणारं. राष्ट्रस्वभावावरचे जुने विनोद कुणी चौकटीत भरून ठेवावेत, तसा हा तक्ता वाटतो. पण त्याच तक्त्यात रंगरूपाच्या वरच्या ओळींत आकडे आहेत. कपडे पिळताना इटलीत मिनिटाला ४०० फेरे पुरे होते, जर्मनीत ८५० हवे होते. ज्याच्या बाल्कनीत भूमध्य समुद्राचं ऊन येतं त्याला जोरात पिळायची गरज काय? आणि तक्त्याच्या खाली, बारीक टायपात, दोन टिपा आहेत. एक अशी, की ब्रिटन आणि स्वीडनमधल्या बहुतेक घरांत गरम पाण्याची मध्यवर्ती सोय असते. दुसरी अशी, की जर्मनांना घरच्या गरम पाण्याहूनही कडक पाण्यात कपडे धुवायचे असतात.

वर आवडीनिवडी आणि खाली नळजोडणी. मला वाटतं, त्या दोन टिपाच तक्त्याच्या डोक्यावर छापायला हव्या होत्या. जगभरची वॉशिंग मशिनं एकमेकांपेक्षा इतकी निराळी का, याचं उत्तर शोधताना लोक हवामान सांगतात, कपडे सांगतात, स्वच्छतेच्या कल्पना सांगतात. ते सगळं आहेच. पण पहिला प्रश्न विचारावा तो असा: या घरात पाणी कुठे तापतं?

यासाठी मशीनच्या पोटात थोडं डोकावावं लागेल. आडवा पिंप असलेलं मशीन, म्हणजे पुढून काचेचं दार असलेलं, कपडे आपटतं. पिंप फिरताना कपडे वर उचलले जातात आणि स्वतःच्या वजनानं खाली पडतात. उभ्या टबाचं मशीन कपडे घुसळतं. टबात मधोमध पंख्यांचा दांडा असतो, नाहीतर तळाशी फिरणारी तबकडी, आणि ताकात रवी फिरावी तशी ती मागेपुढे फिरते. घुसळायचं तर कपडे पाण्यात तरंगायला हवेत, म्हणून टब भरून पाणी लागतं. आपटायला कपडे नुसते ओले असले तरी भागतं, पिंपाच्या तळाशी थोडंसं पाणी साचलेलं पुरतं.

आता हिशेब करा. ६० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला विजेची तीनहून जास्त युनिटं जातात. १५ लिटर पाण्याला पाऊण युनिटाच्या आसपास. अमेरिकेत साध्या सॉकेटमध्ये १२० व्होल्ट, जपानात १००. युरोपात २३०. युरोपातल्या सॉकेटवर दोन किलोवॉटचा हीटर बिनघोर चालतो आणि पिंपाच्या तळाचं ते थोडंसं पाणी अर्ध्या तासाच्या आत तापवून देतो. अमेरिकन सॉकेटवर भरलेला टब तापवायला बसलात तर दुपार निघून जाईल. म्हणजे आडवा पिंप आणि पोटातला हीटर ही जोडी एकमेकांच्या आधारानं उभी आहे. उभ्या टबाला पाणी तापवून आणून द्यावं लागतं, किंवा गार पाण्यावर समाधान मानावं लागतं. अमेरिकेनं पहिलं केलं, जपाननं दुसरं.

जर्मनांना एवढं कडक पाणी कशाला हवं होतं, तेही सांगायला हवं. ड्युसेलडॉर्फच्या हेंकेल कंपनीनं १९०७ साली पेर्सिल नावाची पावडर बाजारात आणली. तिच्यातल्या परबोरेटमुळे कपडे घासल्याशिवाय पांढरे होत, पण परबोरेट खरं काम करू लागतं ते पाणी ६० अंशांच्या वर गेल्यावर. मुळात तिथे चादरी, टेबलाची कापडं, आतले कपडे मोठ्या हंड्यात उकळायची रीत होतीच. पावडरीनं ती रीत पक्की केली आणि मशीन आलं ते ९५ अंशांचा आकडा बटणावर घेऊनच. शिवाय जर्मनीच्या बऱ्याच भागातलं पाणी चुन्यानं जड. जड पाण्यात साबण फेस धरत नाही, हीटरवर पुटं चढतात, म्हणून पाणी मऊ करणारी द्रव्यं पावडरीत घालायची, आणि ती पावडर गरम पाण्यात विरघळायची. साबण, पाणी, हीटर यांनी एकमेकांना असं धरून ठेवलं होतं. पुढे कमी तापमानावर चालणारी रसायनं आणि एन्झाइमं आली, तरी ९० किंवा ९५ चा आकडा मशीनवरून गेला नाही. माझी भाची स्टुटगार्टला आहे. ती सांगते, घरमालकीणबाई तिच्या चाळीस अंशांच्या धुण्याकडे अजून संशयानं बघतात. दोन-अडीच तास चालणारं ते मशीन तळघरात, आणि रविवारी ते लावायचं नाही हा इमारतीचा नियम. स्वित्झर्लंडमध्ये तर इमारतीच्या सामायिक धुणंघराची किल्ली कुणाकडे कधी, यावरून शेजाऱ्यांची भांडणं होतात. ह्यूगो लोएचर या लेखकानं १९८३ साली आपल्या एका पुस्तकाचं नावच त्या किल्लीवरून ठेवलं.

गंमत अशी की घरगुती वापराचं आपोआप चालणारं, काचेच्या दाराचं आडवं मशीन पहिल्यांदा आणलं ते अमेरिकेनं. बेंडिक्सचं ते मशीन १९३७ सालचं. ते जमिनीला बोल्टनं जखडावं लागे, कारण पिळताना घर हलवायचं. तरीही खपलं. पण महायुद्धानंतर जी नवी घरं उठली त्यांच्या तळघरात किंवा मागच्या खोलीत पाणी तापवणारी मोठी टाकी होती, बहुधा गॅसवर चालणारी, आणि तिचं गरम पाणी घरभर खेळत होतं. १९४७च्या सुमारास वरून झाकण उघडणारी आपोआप चालणारी मशिनं आली. एक नळी गरम पाण्याची, एक गार पाण्याची, आत घुसळणारा दांडा, अर्ध्या-पाऊण तासात काम खलास. वाकायला नको, मध्येच झाकण उघडून राहिलेला मोजा टाकता येतो. १९४६ साली टाइड पावडर आली आणि भरपूर फेस म्हणजे स्वच्छता असं गिऱ्हाइकाच्या मनात बसलं. आडव्या पिंपाला फेस चालत नाही, कपडे फेसाच्या गादीवर पडतात आणि आपटणं वायाच जातं. बेंडिक्सचा वंश तिथे मागे पडला. जुनं अमेरिकन मशीन एका धुण्याला दीडशे लिटरच्या घरात पाणी पिऊन टाकी, पण पाणी आणि गॅस स्वस्त असताना कुणी विचारलं नाही. अगदीच कुणी विचारलं नाही असंही नाही. पन्नासच्या दशकात तिथे साबणाचं पाणी शेजारच्या हौदात सोडून पुढच्या धुण्याला परत ओढून घेणारी मशिनं मिळत. काटकसर ही फक्त आशियाची मिरास आहे असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जपानची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. तिथलं पहिलं विजेवरचं मशीन १९३० सालचं, अमेरिकन तंत्रावरचं, चैनीचं. घराघरात मशीन शिरलं ते १९५३ नंतर, जेव्हा सान्यो कंपनीनं २८,५०० येनांना एक चौकोनी, आटोपशीर मशीन काढलं. कंपनीचा संस्थापक तोशिओ इउए यानं निरनिराळी परदेशी मशिनं आणून खोलून पाहिली होती. त्यातलं त्याला पटलं ते ब्रिटिश हूवरचं, बाजूला फिरती तबकडी असलेलं. म्हणजे मर्थर टिडफिलमधून निघालेली कल्पना जपानात जाऊन स्थिरावली, आणि खुद्द ब्रिटननं पुढे ती टाकून इटलीत स्वस्तात बनणारे आडवे पिंप जवळ केले. मशीनच्या वंशावळी माणसांच्या वंशावळींइतक्याच गुंतागुंतीच्या असतात.

जपानमध्ये ती का टिकली? पाणी मऊ, साबण गार पाण्यातही चालणारा, सॉकेटमध्ये १०० व्होल्ट, घरं लहान. मशीन उभं, चिंचोळं, वरून उघडणारं असलं की दारासमोर मोकळी जागा सोडावी लागत नाही. आणि गरम पाणी? ते घरात होतंच, मात्र नळात नव्हतं. जपानी माणूस आधी बाहेर अंग घासून धुतो आणि मग गरम पाण्याच्या टबात बसतो. घरातली सगळी जण त्याच पाण्यात बसतात, तरी ते बरंच स्वच्छ राहतं, कोमट राहतं. ते ओतून द्यायचं कसं? म्हणून तिथल्या मशीनला एक लहानसा पंप आणि नळी असते. नळीचं तोंड आंघोळीच्या टबात सोडायचं, मशीन ते पाणी ओढून घेतं, धुणं त्यात होतं, विसळायला मात्र ताजं पाणी. अशी नळी जर्मन अभियंत्याला सुचणं कठीण, कारण त्याच्या देशात ते पाणीच नाही. आणखी एक भानगड: जपानच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झची. जुन्या काळी टोकियोहून ओसाकाला बदली झाली की मशीनचे काही भाग बदलून घ्यावे लागत. एकाच देशात दोन मशिनं, आवडीनिवडीचा काडीमात्र संबंध नसताना.

आता आपल्याकडे या. सॉकेटमध्ये २३० व्होल्ट, म्हणजे विजेच्या बाबतीत आपण जर्मनांच्या पंक्तीला बसतो. मग आपलं मशीन जर्मन का झालं नाही? गरम पाण्यात धुणं आपल्याला परकं होतं असंही नाही. परटाकडे भट्टी असे, सोड्याच्या पाण्यात बुचकळलेले पांढरे कपडे तिच्यावर चढत. पण ते परटाकडे. घरचं धुणं घरच्या गार पाण्यात, रोजचं रोज, आणि वर तळपणारं ऊन. थोडे कपडे, भरपूर घाम, सोवळ्या-ओवळ्याचे नियम, यांनी धुणं रोजचं केलं होतं. अमेरिकेत सोमवार हा धुण्याचा वार मानत, युरोपातल्या मोठ्या घरांत पूर्वी महिन्या-दोन महिन्यांनी मोठं धुणं निघे. मशीन आलं तेव्हा आपल्याकडे जी सवय होती ती या दोन्हींहून वेगळी होती.

आणि पाणी? पाण्याला आपल्याकडे वेळ असते. ही एक गोष्ट कुठल्याच परदेशी आराखड्यात धरलेली नव्हती. नळ सोडला की पाणी येणारच, हे गृहीत धरून पूर्ण स्वयंचलित मशीन रचलेलं असतं. पाणी आलं नाही तर ते थांबतं आणि पिपाण्या वाजवत बसतं. दोन टबांचं अर्धस्वयंचलित मशीन असलं काही गृहीत धरत नाही. त्यात बादलीनं पाणी ओता, चालतं. पिंपात साठवलेलं ओता, चालतं. वीज गेली तर झाकण उघडून कपडे हातानं पिळा, कुलूपबंद दारामागे काही अडकून पडत नाही. त्याला चाकं असतात, मोरीपर्यंत ढकलता येतं. झाकणावर कॉलर घासायला खरखरीत पट्टी असते, कारण मशीनवर पुरता भरवसा ठेवायचा नाही हे आपलं तत्त्व बनवणाऱ्याला ठाऊक असतं. खाली जाळी असते, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून. आमच्या आईचा क्रम ठरलेला होता: पहिल्या साबणाच्या पाण्यात पांढरे, त्याच पाण्यात मग रंगीत, त्याच पाण्यात पायपुसणी, आणि उरलेल्या पाण्यानं मागची फरशी. एका पाण्याचे चार उपयोग करू देणारं मशीन तिला मागासलेलं वाटायचं काहीच कारण नव्हतं, आणि मलाही वाटत नाही. विक्रेते त्याला गरिबांचं मशीन म्हणून कोपऱ्यात ठेवतात. माझ्या लेखी अनियमित पाण्याला दिलेलं ते सर्वांत चोख उत्तर आहे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ज्या व्हिडिओकॉननं जपानी धर्तीची मशिनं मध्यमवर्गाच्या घरात पोहोचवली ती औरंगाबादची कंपनी. आज छत्रपती संभाजीनगर झालेल्या त्याच शहरात नळाला काही काही दिवसांच्या अंतरानं पाणी येत आलं आहे. तिथल्या घरात पाणी कुणी सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडेल? दुसऱ्या टोकाला गोवा. १९९०च्या सुमारास आयएफबीनं जर्मन बॉश-सीमेन्सच्या सहकार्यानं आडव्या पिंपाची मशिनं आणली आणि त्यांचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे. म्हणजे युरोपची शाखा कोकणपट्टीत आणि जपानची मराठवाड्यात, असा हा नकाशा. दोन्हींना इथे येऊन इथलं शिकावं लागलं. बोअरच्या जड पाण्यासाठी सोय, मोटर विजेच्या चढउतारात टिकेल अशी सोय, आणि साडीसाठी वेगळं बटण.

साडीनं तर मोठमोठ्यांची फजिती केली आहे. नव्वदच्या दशकात व्हर्लपूलनं ब्राझील, मेक्सिको आणि भारत यांच्यासाठी एक आटोपशीर, स्वस्त ‘वर्ल्ड वॉशर’ काढलं. लेव्हिटच्या उपदेशाचा हा जणू वस्तुपाठ. पण साडेपाच मीटरचं अखंड वस्त्र घुसळणाऱ्या दांड्याभोवती कसं वेटोळं घालतं, हे अमेरिकेत पाहायला मिळत नाही. भारतासाठी साडी अडकणार नाही असा वेगळा दांडा करावा लागला. नऊवारी घालून पाहिली असती तर काय झालं असतं, देव जाणे.

लेव्हिटला अगदीच खोटं ठरवायचं कारण नाही. युरोपात खरोखर खपली ती स्वस्त इटालियन मशिनं आणि जोरदार जाहिरात केलेली जर्मन मशिनं, हे त्यानंच नोंदवलं. स्वस्त मिळालं की लोक आपल्या आवडी गुंडाळून ठेवतात, हे त्याचं निरीक्षण मला पटतं. आडवा पिंपही आता जगभर पसरतो आहे. अमेरिकेत १९९७ साली मेटॅगनं नेपच्यून आणलं, मग पाणी आणि वीज वाचवण्याचे नियम कडक झाले. जपानात २००३ साली मात्सुशितानं तिरका पिंप काढला, म्हणजे धड आडवाही नाही आणि उभाही नाही. पण लेव्हिट ज्याला आवड म्हणत होता तिच्यातला मोठा भाग भिंतीतल्या पाइपाचा होता. रंग बदलायला एक वर्ष पुरतं, पाइप बदलायला पिढी जाते. चीनच्या हायर कंपनीला सिच्वानमधला एक शेतकरी सांगायला आला, की मशीनची नळी सारखी चिखलानं तुंबते. पाहिलं तर तो त्यात रताळी धूत होता. कंपनीनं त्याला वापर शिकवण्याऐवजी १९९८ साली रताळी धुता येतील असं, जाड नळीचं मशीन काढलं. पाइपाशी भांडून उपयोग नाही हे तिथे कुणाला तरी लवकर कळलं होतं.

आता उलटा प्रवास सुरू झाला आहे. पुण्याच्या जाहिरातींत ‘ड्राय बाल्कनी’ हा शब्द घरच्या माणसासारखा वावरतो. स्वयंपाकघराला चिकटून मशीनसाठी एक चिंचोळी जागा, तिथे नळ, तिथे सॉकेट, तिथेच पाणी जायची वाट. बिल्डर मशीनच्या मापानं भिंत घालतो. आणि धुणं-भांडी करणाऱ्या मावशींची मजुरी जसजशी वाढते, तसतसं पूर्ण स्वयंचलित मशीन ‘परवडू’ लागतं, हेही जाहिरातीत न सांगितलेलं एक कारण आहे.

मात्र नळाचा जोर बाल्कनीबरोबर येत नाही. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हौसेनं पुढून उघडणारं मशीन घेतलं आणि ते दर धुण्याला मध्येच रुसून बसू लागलं. दुरुस्तीला आलेला पोरगा नळ सोडून बघत म्हणाला, “काकू, मशीनला काही झालेलं नाही. तुमच्या पाण्याला जोर नाही. पंप टाका.” शेवटी पंप टाकला. तळमजल्यावर तेच मशीन, त्याच टाकीचं पाणी, पण कधी तक्रार नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी गच्चीवर जाऊन या. टाकीच्या तळापासून आपल्या नळापर्यंत किती मीटर उंची पडते ते बघा. दहा मीटरला साधारण एक बार दाब मिळतो. मशीनच्या माहितीपत्रकात किमान दाब दिलेला असतो, कुठे ०.३ बार, कुठे ०.५, कुठे १. दोन्ही आकडे शेजारी मांडा, कमी पडत असेल तर पंपाचा खर्च किमतीत धरा. आणि पाणी दोन दिवसांआड येत असेल, तर विक्रेत्यानं कितीही नाक मुरडलं तरी कोपऱ्यातलं दोन टबांचं मशीन दाखवायला सांगा.